एकसष्टाव्या मिनिटातली चाल

सामन्याच्या एकसष्टाव्या मिनिटाला मैदान लांबायला लागलं. मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांनी नवं गवत निघत होतं आणि दोन्ही गोल एकमेकांपासून दूर चालले होते. रेफ्रींनी घड्याळाकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि हातानं खूण केली, खेळ चालू ठेवा.

कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती. आम्ही एका गोलनं मागे होतो. आमचे बचावपटू आणि गोली मकबूलभाई एका बाजूला लहान लहान होत गेले, पुढचे खेळाडू दुसऱ्या बाजूला. मध्ये मी उरलो, कारण मी मधल्या फळीत खेळतो. आणि अभिनंदन मगदूम उरला. तो समोरच्या संघाचा. मला मोकळं सोडायचं नाही, एवढंच काम त्याला त्या दिवशी दिलेलं होतं.

बॉल मकबूलभाईंकडे होता.

"आणायला जाणार?" अभिनंदननं विचारलं.

"जायला पाहिजे."

"मग मलाबी यायला लागणार," तो म्हणाला आणि माझ्या शेजारून चालू लागला.

किती वेळ चाललो ते सांगता येत नाही. ऊन साडेचारचंच राहिलं. पण मी पोचलो तेव्हा माझी दाढी बोटभर वाढली होती आणि मकबूलभाईंची पांढरी झाली होती. ते बॉलवर पाय ठेवून उभे होते. अठरा वर्षं त्यांनी तालमीचा गोल राखला होता. हा आपला शेवटचा सामना, असं त्यांनी सकाळी बूट बांधताना सगळ्यांना सांगितलं होतं.

"कुलदीप, राग मानू नको," ते म्हणाले. "अडचण आली की तू बॉल मागं देतोस. मागं मी हाय म्हणून देतोस."

"खरं आहे."

"आज देऊ नको. एवढ्या लांबनं तो माझ्यापतोर यायचा, तवर मी असंन नसंन."

त्यांनी बॉल माझ्याकडे सरकवला. मी वळलो. थोड्या वेळानं मागे पाहिलं तर ते हातमोजे काढून गवतावर बसले होते.

चौदा वर्षं मी फुटबॉलवर जगतो आहे. गोव्यात चार हंगाम, बंगळूरला तीन, बाकीचे घरी. इतक्या वर्षांत माझे गोल सहा. पेपरात फोटो एकदाच आला, त्यातही मी कडेला, अर्धा. त्याचं मला वाईट वाटत नाही. पुढचा माणूस गोल व्हावा म्हणून खेळतो, गोली तो होऊ नये म्हणून खेळतो. मधला खेळतो तो हे दोघे एकाच सामन्यात राहावेत म्हणून. त्या दिवशी हे काम नेहमीपेक्षा लांबचं होतं, एवढाच फरक.

अभिनंदन ठरावीक अंतरानं बॉलवर पाय टाकायचा. मी खांदा मध्ये घालायचो, बॉल दुसऱ्या पायावर घ्यायचो आणि पुन्हा चालायला लागायचो. त्यात राग नव्हता. एकदा माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी पडलो. त्यानं वाकून माझा पाय ताणला, अंगठा वर दाबून धरला, गोळा उतरल्यावर हात देऊन मला उभं केलं. मी उभा राहिल्याबरोबर त्यानं बॉलवर झडप घातली. मला ते अपेक्षितच होतं. मी बॉल टाचेनं ओढून घेतला.

"झक मारली नि तुझा पाय चोळला," तो म्हणाला.

"तुझी पोरगी कितवीला आहे आता?"

"निघालो तवा तिसरीला हुती."

मी बॉल पुढे ढकलला आणि आम्ही पुन्हा चालू लागलो.

मैदान लांबायचं थांबलं नव्हतं, पण आता ते अरुंदही होऊ लागलं. दोन्ही बाजूंच्या रेषा आत सरकत होत्या आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षक बसल्या जागी जवळ येत होते. आधी त्यांचे रंग दिसायचे, मग चेहरे दिसू लागले, मग कुणी काय खातंय ते. "पुढं घाल की!" असं कुणी ओरडलं तर थुंकीचा थेंब गालावर यायचा. मी सवयीनं मोकळी जागा शोधत होतो. आयुष्यभर मी तेच केलं आहे, जागा शोधली आहे, नसली तर दोन पावलं सरकून तयार केली आहे. इथं सरकायला दोन पावलं नव्हती.

मैदान एका गल्लीएवढं उरलं तेव्हा पहिल्या रांगेत मला आई दिसली. ती सामन्याला कधीच येत नाही. मांडीवर पिशवी घेऊन ती बसली होती आणि तिचे गुडघे जवळजवळ रेषेला टेकले होते.

"किती वाळलास रं," ती म्हणाली.

"खेळ चालू आहे, आई."

"दिसतंय मला. येक इचारू? इतकी वर्सं लोक मला इचारत्यात, तुझा ल्योक खेळतो म्हंजी काय करतो? गोल करतो का? मी म्हणती, न्हाई. आडवतो का? म्हणती, न्हाई. मग नेमकं काय करतोस तू?"

बॉल पायाखाली धरून मी विचार केला. प्रशिक्षकांनी मला हे अनेकदा फळ्यावर समजावलं होतं, पण त्यातलं काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"इकडचं तिकडं नेतो," मी म्हणालो.

"हमालागत?"

"तसंच म्हण."

तिनं मान हलवली. तिला ते पटलेलं दिसलं. "मग ने की," ती म्हणाली. "हुबा कशाला ऱ्हायलास?"

मी निघालो.

पुढे दोघांना शेजारी चालता येईना. अभिनंदन मागे पडला. "मागनं पाय घातला की फाऊल," तो म्हणाला. त्यानं माझा शर्ट धरला, पण त्याचे खांदे माझ्यापेक्षा रुंद आहेत, तो अडकायला लागला. शेवटी प्रेक्षकांनीच सरकून त्याला बाकावर जागा दिली.

"सोडलंस मला?" मी विचारलं.

"दम खातोय. सोडला न्हाई."

मी आडवा होऊन सरकू लागलो. दोन्ही बाजूंचे गुडघे माझ्या पोटाला आणि पाठीला घासत होते. कुणी रागावत नव्हतं, कुणी उठतही नव्हतं. बॉल मी पायाच्या कडेनं एकेक वीत पुढे ढकलत होतो. आणि तेव्हा मला संग्राम दिसला. संग्राम नलवडे आमचा पुढचा खेळाडू, सात वर्षं मी त्याला पास देतो आहे. तो फटीच्या पार टोकाला होता, उदबत्तीएवढा. त्याचा हात वर होता. एकसष्टावं मिनिट लागल्यापासून त्यानं तो खाली घेतला नव्हता, हे मला इतक्या लांबूनही कळलं.

पुढच्या पावलाला मी अडकलो. छाती पुढे जाईना. रेषांमध्ये आता एका बॉलपुरतीच जागा होती.

मी मान वळवली. मागची वाट रुंद होती. मी आलो तिथून ती पुन्हा उघडत गेली होती, हिरवी, सपाट, कुणी नसलेली. डोळे मिटूनही तिथं पास देता आला असता. माझा घोटा आपोआप तिकडे वळला. तो चौदा वर्षं वळत आला आहे.

"येतोय रं मी," अभिनंदन म्हणाला. तो बाकावरून उठला होता आणि लोकांच्या मांड्यांवरून हात टेकत माझ्याकडे येत होता.

मी घोटा सरळ केला.

पाय मागे घ्यायला जागा नव्हती. "काका, जरा पाय घ्या," मी शेजारच्या माणसाला म्हणालो. त्यानं गुडघे छातीशी घेतले. एक वीत जागा झाली. इतक्या कमी जागेतून मी कधी पास दिला नव्हता, इतका लांब तर कुणीच दिला नसेल. मी संग्रामच्या हाताकडे पाहिलं, मग बॉलकडे पाहिलं आणि मारला.

बॉल फटीत शिरला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी पाय उचलले, त्यांच्या पुढच्यांनी उचलले, मग त्यांच्या पुढच्यांनी. बॉल गेला की त्याच्या मागे दोन्ही रेषा एकमेकींना चिकटत होत्या. थोड्या वेळानं मला बॉल दिसेना, संग्रामही दिसेना, फक्त वर होणारे पाय दिसत होते, लांब, आणखी लांब.

अभिनंदन माझ्यापर्यंत पोचला. त्यानं माझा खांदा धरला, पण ओढला नाही. तोही तिकडेच बघत होता.

मग पार टोकाला, संग्राम होता तिथं, प्रेक्षकांतला एक माणूस दोन्ही हात वर करून उभा राहिला. आणि त्याच्या समोरचा.