पोत्यांचा बांध

टँकरचा हॉर्न वळणावर वाजला आणि टाकीवालीने व्हॉल्व्ह उघडला.

बेघरांच्या छावणीची मोठी टाकी धुऊन काढायला कडक क्लोरीनच्या पाण्याने भरून ठेवली होती. ते सोडल्याशिवाय पिण्याचं पाणी भरता येणार नव्हतं, आणि हंड्यांची रांग सकाळपासून तापत उभी होती. पाणी चरात उतरलं, उताराला लागलं. पुढे वाळूच्या पोत्यांचा बांध होता. तिथून ते दगडी माळावर वळायचं, उन्हात विरायचं.

तिने मान वर केली. बांध नव्हता.

काल वारा सुटला होता. तंबूंच्या दारांवर ठेवायला पोती कुठून आली, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तिच्याही दाराशी एक होतं, नवऱ्याने आणलेलं.

खाली नणंदेचं तळं. घर सुटलं तेव्हा याच नणंदेने भावाला-भावजयीला आपल्या पडवीत निजवलं होतं. परवाच तिने तळ्यात माशांची पिल्लं सोडली होती. तिचं वर्षाचं पोट त्यांच्यावर.

व्हॉल्व्हचं चाक उलटं फिरेना. टाकीवाली चराच्या कडेने धावत सुटली.

"वन्सं, फावडं घ्या! चर फोडा! क्लोरीन येतंय!"

"अगं, बांध कुठाय तुमचा?"

"तुमच्या भावाने नेलाय!"

पाण्याचं तोंड तळ्याला टेकलंच होतं. टाकीवाली चरात आडवी झाली. पाणी पाठीवर चढलं, डोळ्यांत शिरलं, कातडी चुरचुरली; चराच्या तळाशी दाबलेला उजवा हात तर भाजूनच निघाला.

"हललीस तर बघ!" नणंद फावडं मारत ओरडली. माती फुटली, पाणी माळाकडे वळलं.

माळाच्या वाटेवर चिखल झाला नि टँकर खालीच अडला. रांग कुरकुरत उतरली. पहिला हंडा भरला, तो रांगेतल्या पहिल्या बाईने क्लोरीन धुवायला टाकीवालीच्या डोक्यावर ओतला. तेवढ्यात टाकीवालीचा नवरा पोतं खांद्यावर घेऊन धापा टाकत आला.

"आता आणतोस होय रे शहाण्या?" नणंद म्हणाली. मग तळ्याकडे वळली. मूठभर कोंडा पाण्यावर सोडला.

"या गं बायांनो, या गं लेकींनो..."

चराच्या तोंडाशी काही पांढरी पोटं वर आली होती. बाकी पाणी गप्प. कोंडा नुसताच तरंगत राहिला.

मग पलीकडच्या काठाला पाणी शहारलं. एक तोंड वर आलं. मग कितीतरी.

नणंदेने कोंड्याची टोपली भावजयीपुढे धरली.

"तो हात पोळलाय तुझा. दुसऱ्याने टाक."