सुभेदारांनी न वाचलेली ओळ

गोपीनाथ भोइटे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण तपासणीची सवय काही निवृत्त झाली नाही. दुर्गापुऱ्यात आमची घरं समोरासमोर. भोइटे फलटणचे, आम्ही कराडचे. जयपुरात एवढं जवळचं गाव म्हणजे भाऊबंदच. सिंगापूरहून निघून मलेशिया, थायलंड करून परत येणाऱ्या बोटीची सहल ठरली, तेव्हा चौघांचं बुकिंग त्यांनीच केलं. मग आमची परेड सुरू झाली. परतल्यावरही पासपोर्टची सहा महिने मुदत उरली पाहिजे, पानं कोरी पाहिजेत, फोटोत कान दिसले पाहिजेत. आमच्या ह्यांच्या पासपोर्टाचा कोपरा जरा दुमडलेला निघाला, तर म्हणाले, "तुम्हाला बंदरावर उतरू देणार नाहीत. बसा डेकवर शेंगा फोडत."

माणसांचा जमाखर्च मनात मांडायची मला खोड आहे. भोइटे भाऊजींच्या जमेला शिस्त भरपूर. खर्ची एवढंच, की बायकोचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला त्यांना कधी जमलं नाही.

त्यांच्या बायकोचा, साधनाताईंचा पासपोर्ट बुकिंगनंतर निघाला. लेक स्वानंदी पुण्याहून आली होती, ती घेऊन गेली आईला पासपोर्टच्या ऑफिसात. पोस्टानं पासपोर्ट आला तेव्हा मी तिथंच बसले होते.

"अहो, ह्यात नावाचं जरा..."

"आला ना? झालं तर मग." भाऊजींनी तो उघडला, बोट थेट मुदतीच्या तारखेवर ठेवलं, "दहा वर्षं. बढिया," म्हणाले आणि फाइलीत घातला.

ती फाइल घेऊन आम्ही बनी पार्कात माथुरजींकडे, म्हणजे आमच्या एजंटाकडे गेलो. कचोरी आली, चहा आला. माथुरजी एकेक पासपोर्ट तिकिटाशी ताडून बघत होते. शेवटच्याला थांबले.

"अंकल, ये अनुसयाजी कौन हैं?"

"अनुसया? मेरी माँ," भाऊजी म्हणाले. "कब की गुजर गयीं. आपके पास उनका नाम कैसे?"

माथुरजींनी पासपोर्ट फिरवून त्यांच्यासमोर धरला. फोटो साधनाताईंचा. शेजारी नाव: अनुसया गोपीनाथ भोइटे.

"पासपोर्टवाल्यांनी घोटाळा केलाय!" भाऊजी उसळले. "बघितलंत, सुनेला सासूचं नाव!"

"घोटाळा नाही," ताई म्हणाल्या. "माझं नाव तेच आहे. सासू आणि सून, दोघी अनुसया, मग सुनेला हाक कशी मारायची, म्हणून लग्नात बदललंत. ताटातल्या तांदळात अंगठीनं तुम्हीच लिहिलंत की, साधना."

भाऊजी कचोरीकडे बघत राहिले.

"शाळेच्या दाखल्यावर अनुसया, तुमच्या फौजेच्या कागदांवर साधना. पासपोर्टच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, एकच ठेवा. मी ठेवलं."

चेष्टा करायला एरवी मला निमित्त लागत नाही. पण इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवूनही ह्या बाईचं माहेरचं नाव मी विचारलं नव्हतं.

माथुरजींनी अडचण सांगितली. तिकिटावर जे नाव, तेच पासपोर्टवर हवं. नाहीतर सिंगापूरच्या काउंटरवरूनच परत. एखादं अक्षर बोटवाले बदलून देतात, पण अख्खं नाव बदललं की त्यांच्या लेखी प्रवासीच दुसरा. विनंती करता येईल, ते नाही म्हणू शकतात. नाहीतर वेळ आहे तोवर पासपोर्टच साधना नावानं करून घ्या.

"हेच सोपं," भाऊजी म्हणाले. "पासपोर्ट बदलू."

"मग मी येत नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिघं जाऊन या."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच भाऊजींनी माथुरजींच्या फोनकडे हात केला.

फोन स्पीकरवर लागला. बोट कंपनीची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, पैसेंजर का सही नाम बताइए."

"मेरी वाइफ हैं."

"जी सर. नाम?"

भाऊजींनी घसा खाकरला. "अनुसया."

"और बुकिंग में साधना किसने लिखवाया था?"

"मैंने."

"क्यों, सर?"

माथुरजी उगाच स्टेपलरची उघडझाप करू लागले.

"मुझे... याद नहीं था."

"क्या याद नहीं था, सर? पत्नी का नाम?"

"जी," सुभेदार म्हणाले. "पत्नी का नाम."

मुलीनं थांबायला सांगितलं. फोनमध्ये पेटीची धून वाजत राहिली. ताई भाऊजींकडे नाही, भिंतीवरच्या बोटीच्या चित्राकडे बघत होत्या. पेटी थांबली. मुलगी म्हणाली, दोन्ही नावं एकाच बाईची, असं बुकिंग करणाऱ्यानं लिहून, सही करून पासपोर्टच्या प्रतीसोबत पाठवावं. ह्या वेळी बदलून देऊ. भाऊजींनी तिथंच लिहिलं. 'माझी पत्नी अनुसया' एवढं लिहून पेन जरा वेळ टेकलेलंच राहिलं. मग सही झाली. अर्ध्या तासात नवं तिकीट छापून आलं. ताईंनी ते वाचलं, सगळं, वरपासून खालपर्यंत.

बाहेर गाडीपाशी भाऊजी हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तुला साधना आवडतं."

"कधी विचारलंत?"

"मग आता हाक काय मारू?"

"आजवर काय मारत होता? 'अगं'वर भागतंय की."

मी हसणार होते. पण भाऊजी मान खाली घालून खिसे चाचपत गाडीची किल्ली शोधत होते, आणि किल्ली त्यांच्या हातातच होती.