जानरावच्या मांडीवरचं मडकं

जानरावच्या डोक्यावर उन्हाळी फोड आले नसते, तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता. तो चांदूर रेल्वेच्या दवाखान्यात शिपाई होता. चौसष्ट सालच्या ज्येष्ठात उन्हानं टाळूची पार चाळण झाली, तेव्हा न्हाव्याच्या सल्ल्यानं त्यानं डोकं गुळगुळीत करून घेतलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे डॉक्टर इंगळ्यांनी त्याला सापाच्या विषावरचं औषध आणायला अमरावतीला पाठवलं.

पूर्वी हे औषध पातळ यायचं आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात नासून जायचं. आता ते गोठवून, वाळवून, त्याची पूड करून काचेच्या कुप्यांतून यायला लागलं होतं. पूड अंधाऱ्या, थंड जागी ठेवली की टिकायची. वेळ आली की कुपीत शुद्ध पाणी घालायचं, हलक्या हातानं विरघळवायचं आणि लगेच टोचायचं. सरकारी कोठारातल्या बाबूनं हे सगळं एका दमात सांगितलं. जानरावनं त्यातलं आपल्यापुरतं घेतलं : ऊन लागू द्यायचं नाही, आदळायचं नाही, हलवायचं नाही.

अमरावतीच्याच राजापेठेत त्यानं नवं मडकं घेतलं. औषधाचा खोका मेणकापडात गुंडाळून आत ठेवला, तोंडाला पांढरं फडकं बांधलं, बाहेरून ओला पंचा लपेटला आणि बडनेऱ्याला येऊन ते मांडीवर घेऊन तो चांदूरच्या पॅसेंजरमध्ये बसला.

भादरलेलं डोकं, मांडीवर फडकं बांधलेलं मडकं, चेहरा गंभीर. डब्यातल्या लोकांनी बिड्या विझवल्या. समोर बसलेल्या गोदाबाई नावाच्या म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काहून बाप्पा, एकटाच निघाला? कोन गेलं?"

जानरावला वाटलं, अमरावतीला कोण गेलं होतं असं ती विचारते आहे.

"मीच गेलो होतो, मायजी."

गोदाबाईचे डोळे भरून आले. "असं बोलू नाई लेकरा. आपून मागं राह्यलो, त्याले इलाज नाई."

"याच्यात औषध हाये," जानराव मडक्याकडं बोट दाखवून म्हणाला.

शेजारचे नत्थुजी रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन होते. त्यांनी सुस्कारा टाकला. "शेवटी औषधच राह्यते पोटात. आमच्या भावालेबी लय औषध देल्लं. काय उपेग झाला?"

कुणीतरी म्हणालं, मडकं बाकाखाली ठेवा, तेवढेच पाय मोकळे होतील. जानराव ओरडला, "खाली नाई ठेवाचं!" नत्थुजींनी मान डोलावली. "बरोबर हाये. भुईले टेकवत नसतात." मालखेडला गाडीनं धक्का दिला तेव्हा जानरावनं मडकं दोन्ही हातांनी अधांतरी धरलं. ते पाहून गोदाबाईला रडूच फुटलं.

चांदूरला गोदाबाईला लेकीकडं जायचं होतं आणि नत्थुजींना बाजारात. पण एवढ्या दुःखात माणसाला एकटं कसं सोडायचं? दोघं त्याच्या मागून निघाले. नत्थुजींनी टोपी काढून हातात घेतली. ते पाहून बाजारातले आणखी आठ-दहा जण टोप्या काढून मागोमाग निघाले. मडकं हलेल म्हणून जानरावला मान वळवता येईना, त्यामुळं आपल्या मागं कोण चाललंय, याचा त्याला पत्ताच नव्हता.

इकडं दवाखान्यात मोतीराम नावाचा शेतकरी खाटेवर पडला होता. जानराव अमरावतीला गेल्यावर, कडब्याची पेंडी ओढताना त्याला नाग डसला होता. पापण्या मिटत चालल्या होत्या, बोलणं दारू प्यायल्यासारखं अडखळत होतं. डॉक्टर इंगळे जानरावच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते. मोतीरामचा भाऊ देवराव उशाशी होता. त्यानं दारात पाहिलं : बोडक्या डोक्याचा माणूस, हातात मडकं, आणि मागं टोप्या काढलेली माणसं. देवरावनं हंबरडाच फोडला.

"अजून जीव हाये ना त्याच्यात! आत्ताच काहून आले मडकं घेऊन?"

डॉक्टरांनी कुणाला काही विचारलं नाही. मडकं घेतलं, फडकं सोडलं, खोका उघडला. कुप्या धड होत्या. पहिल्या कुपीचं तोंड फोडून त्यांनी पाणी घातलं आणि कुपी बोटांत धरून हळूहळू फिरवू लागले.

"डाक्टरसाहेब, जोरानं हलवा ना!" देवराव म्हणाला. "काय अत्तराची शिशी धरल्यावानी करून राहिले?"

"जोरानं हलवलं की फेस येते आणि औषध बिघडते. पार निवळल्याशिवाय टोचता येत नाही."

"तवर माझा भाऊ..."

"चूप बस!" गोदाबाई दारातून गरजली. इथं काय चाललंय हे तिला अजून नीट उमगलं नव्हतं. पण शहाण्या माणसाच्या कामात कुणी लुडबुड केलेली तिला खपत नसे. "त्याले त्याचं काम करू दे."

डॉक्टरांनी आधी थोडंसं टोचून पाहिलं. मोतीरामच्या अंगाला ते सोसतंय याची खात्री झाल्यावर एकेक कुपी अशीच विरघळवत शिरेतून हळूहळू दिली. ऊन कललं. मागून आलेली माणसं भिंतीला टेकून बसून राहिली. उठून जाणं बरं दिसलं नसतं.

बऱ्याच वेळानं मोतीरामच्या पापण्या उचलल्या. त्यानं रांगेनं बसलेली बोडकी डोकी पाहिली.

"मले... नेऊन राहिले का?"

"नाई रे बाप्पा," गोदाबाई घाईनं म्हणाली. "आमी दुसऱ्याच्या मयतीले आलो."

"कोनाच्या?"

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून जानरावकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाहता?" जानराव म्हणाला. "मी गाडीतच सांगतलं ना, औषध हाये म्हणून!"

नत्थुजींनी टोपी झटकून डोक्यावर चढवली. "मंग मी स्टेशनापासून बिनटोपीचा उन्हात काहून आलो?" ते एवढे चिडले की कुणीतरी मेलं असतं तर बरं झालं असतं, असंच वाटावं. गोदाबाई मात्र पदर तोंडाला लावून खुदखुदत राहिली.

शेवटच्या कुपीत थोडं औषध उरलं होतं. देवराव पुढं सरकला. "तेवढं बाटलीत घालून देता का? आमच्या बैलाच्या कामी येईन."

"पाणी घातलं की ठेवता येत नाही," म्हणत डॉक्टरांनी ते ओतून टाकलं. मग न फोडलेल्या कुप्या भिंतीतल्या अंधाऱ्या कपाटात ठेवायला त्यांनी जानरावला सांगितलं. जानराव श्वास रोखून, अंडी नेल्यासारखा एकेक कुपी नेऊ लागला.

"अरे, नीट चाल ना. पूडच आहे ती. हलली तरी काही होत नाही. पाणी घातल्यावर हलवायची नसते."

जानराव जागच्या जागी थांबला.

"हलली तरी चालते?"

"चालते."

"मंग मी बडनेऱ्यापासून लघवीलेबी उठलो नाई, त्याचं काय?"

डॉक्टरांना हसू आवरेना. जानराव कुप्या कपाटात ठेवून तडक मागच्या अंगणात पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीराम उठून बसला. डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितलं, त्याला भाकर पाहिजे होती. देवरावनं दुधाचा पेला जबरदस्तीनं त्याच्या तोंडाला लावला, तशी मोतीरामनं त्याला एक खणखणीत शिवी हासडली, एक अक्षर न अडखळता.

देवराव पेला तिथंच टाकून व्हरांड्यात धावला.

"डाक्टरसाहेब, या ना लवकर! शिवी देल्ली त्यानं! एकदम साफ शिवी देल्ली!"