माझी पाचवी पायरी

मित्रांनो, मी दिवाबत्ती खात्याची एक जुनी लाकडी शिडी आहे. मला नऊ पायऱ्या आहेत. कोर्टात माझ्यावरून दोन तास वाद झाला, पण तेव्हा मला बघायला कोणी आलं नाही. असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

खात्याच्याच सुतारांनी मला बनवलं. पहिल्याच दिवशी एका उंच वायरमनने मला खांद्यावर घेतलं. त्याला सगळे लंबू म्हणत. चौदा वर्षं आम्ही गल्लोगल्ली रस्त्यावरचे दिवे बदलले. दिवा लागला की खालून कोणीतरी ओरडायचं, "वा, लंबूशेठ!" त्यात माझाही वाटा आहे असं मी मनात धरायचे.

मग ऊन, पाऊस आणि वाळवी. माझी पाचवी पायरी आतून पोकळ झाली. लंबूने स्टोअरकीपरला तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, "अरे, तू काय हत्ती आहेस? जरा अलगद चढ ना!"

एका दुपारी ती पायरी मोडली. लंबू खाली आपटला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. खात्याने चौकशी लावली, ती लंबूवरच! म्हणे, त्याने शिडी खांबाला बांधली नव्हती. हे सिद्ध झालं तर नोकरी जाणार.

"साहेब, शिडी मागवा. मोडलेली पायरी बघा," लंबू म्हणाला. चौकशी अधिकाऱ्याने मानही वर न करता हुकूम दिला. अपघाताचा अहवाल पुरेसा आहे, शिडी बघायची गरज नाही. त्याच आठवड्यात माझं नाव भंगाराच्या यादीत चढलं.

लंबूची वकीलबाई कोर्टात गेली. तिथे काय झालं ते मला स्टोअरमधल्या चहाच्या गप्पांतून कळलं. खात्याचा वकील म्हणाला, "साहेब, हा चौकशीतला मधला हुकूम आहे. आधी चौकशी संपू दे, निकाल लागू दे, मग यांनी यावं." आणि नियम खरंच तसा आहे म्हणे! माझं तर डोकंच चालेना.

वकीलबाई म्हणाली, "मग म्हणजे कधी? शिडी चुलीत गेल्यावर? तेव्हा कोर्टाला राख दाखवू का?"

न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, मधल्या हुकमात आम्ही सहसा हात घालत नाही, पण जी चूक शेवटी सुधारताच येणार नाही, ती आताच बघावी लागते. हुकूम रद्द. आठ दिवसांत सगळ्यांसमोर शिडी तपासा.

मला वाटलं, सुटले. दुसऱ्याच दिवशी सुतार आला.

"कोर्टाचं काम आहे. अशा अवतारात दाखवायची का हिला?" स्टोअरकीपर म्हणाला. मला नवी पायरी बसली, वर हिरवा रंग चढला. जुनी पायरी जाळून टाकली. चौदा वर्षांत माझे इतके लाड कोणी केले नव्हते. हा लबाडपणा होता की निव्वळ मूर्खपणा? मी आनंद मानू की रडू, तेच समजेना.

तपासणीला चौकशी अधिकारी आला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं, "शिडी सुस्थितीत आहे."

लंबू कुबडी टेकत पुढे आला. त्याने माझ्या पायऱ्यांवरून हात फिरवला. एक, दोन, तीन, चार. पाचवीवर हात थांबला.

"साहेब, जरा हात लावून बघा. या चारही माझ्या पायाने मधोमध झिजल्यात. पाचवी सपाट. मी काय चौदा वर्षं चौथीवरून सहावीवर उडी मारत होतो?"

वकीलबाईने नखाने रंग खरवडला. आत कोरं, पांढरं लाकूड. सगळ्या माना स्टोअरकीपरकडे वळल्या. अधिकाऱ्याने "सुस्थितीत" खोडलं आणि लिहिलं, "पाचवी पायरी नवी. नुकतीच बदललेली." का बदलली, हे आता खात्याला सांगावं लागणार आहे.

चौकशी अजून चालू आहे. लंबूची नोकरी राहील की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असं आम्ही वस्तू शेवटी नेहमी सांगतो. मीही सांगते, पण वेळेवर घ्या. माणूस पडायच्या आधी पायरी बदला. आणि पडलाच, तर आधी मोडकी पायरी चारचौघांना दाखवा. रंगाचं नंतर बघू.