उत्कर्षाच्या डोक्यावरचा हात

"तुया भावाकडं ध्यान ठेव वं माय," बयनाबाई म्हणाली होती. "पोट्टा रोज शिंदीच्या कंपाउंडात दिसते मले."

तीन वर्षं झाली या गोष्टीला. कंपाउंड म्हणजे गावातली शिंदी विकायची जागा. बयनाबाई तेलंगणातल्या बोथमध्ये दारोदार फिरून आपल्याच वावरातली भाजी विकायची. त्या सकाळी तिची टोपली रूपालीच्या ओट्यावर होती आणि रूपाली मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होती. ऐकून ती हसलीच.

"अवो बयनाबाई, मीच पाठोते त्याले. मामंजीले मुतखडा हाय ना. सकाळची ताजी शिंदी पेली का खडा पडते म्हनतात."

"सकाळी ठीक हाय. मंग संध्याकाळी काऊन जाते? तुया सासऱ्याचा खडा दोन पाळ्या करून राह्यला का?"

"थंड असते शिंदी. दारू थोडीच हाय ते!"

बयनाबाईनं टोपली डोक्यावर घेतली. "सगळ्या गावाले पुरतील एवढे शिंदीचे झाडं कुठं राह्यले वं आता? तरी कंपाउंडात कदी सरत नाई. काय कालवतात त्यात, थे त्यांचं त्यांनाच ठाऊक. तू शिकेल हाय, तुले जास्त समजते."

शिकलेली तर रूपाली होतीच. बीएस्सी, तेही रसायनशास्त्र घेऊन. लेकरासाठी पाणी वीस मिनिटं उकळायची, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचायची, उत्कर्षा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. नवरा पंकज चिडवायचा, "पोरीनं शिंक दिली तरी हिची फाइल तयार!" आणि अशी ही बाई सतरा वर्षांच्या धाकट्या भावाच्या हातात रोज सकाळी रिकामा डबा देऊन त्याला शिंदी आणायला पाठवत होती. तो डबा तिनं एक दिवसही हुंगून पाहिला नव्हता.

तो भाऊ, भूषण, तिच्याकडे इंटरसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी आला होता. माहेरचं गाव सीमेवरचं, पैनगंगेकडचं; तिथून कॉलेज लांब पडे, म्हणून दोन वर्षं बहिणीकडेच राहिला. ती दोन वर्षं आठवली की रूपालीला अजून घर भरल्यासारखं वाटतं. सकाळी न्हाणीतून त्याचं बेसूर गाणं यायचं. ताटावर बसला की वरणात बोट फिरवून म्हणायचा, "ताई, पानी हाय, हळद हाय, फोडणी हाय. डाळ कोनं पळवली थे सांग." उत्कर्षा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पोरगी पहिलं 'मामा' म्हणाली, 'आई' नंतर. रूपालीनं चार दिवस खोटा रुसवा धरला होता. भूषण लेकराला खांद्यावर घेऊन अंगणभर विमान करायचा, आणि ती आतून ओरडायची, "पाडशील रे तिले!" त्यानं कधीच पाडलं नाही.

मग डिग्रीसाठी तो आदिलाबादला गेला. कॉलेजातल्या चंदनबरोबर खोली केली. सुरुवातीला दिवेलागणीला रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड. मग रूपालीच लावायची आणि तो म्हणायचा, "झोपलो होतो, ताई." सुट्टीला आला की दुपारपर्यंत उठत नसे, डोळे तांबारलेले. मोबाइल, दुसरं काय, असं ती स्वतःला सांगायची. हे सांगणं सोपं होतं.

यंदा दसऱ्याला तोच तिला माहेरी न्यायला आला होता आणि सण आटोपल्यावर तोच पोचवायला आला. बोथच्या घरी आल्या आल्या उत्कर्षानं हात वर केले, "मामा, विमान!" त्यानं तिला उचललं. कमरेपर्यंत उचललं आणि तिथूनच हळूच खाली ठेवलं. त्याचे हात थरथरत होते. मग तो "आलोच" म्हणून बाहेर गेला आणि तासाभरानं परतला तेव्हा हात शांत होते.

रूपालीनं ते पाहिलं. या वेळी तिला स्वतःला काही सांगता आलं नाही.

"भूषण, खरं बोल. तू पितो?"

"शिंदी पितो. दारू नाई पीत."

"कदीपासून?"

"तुया सासऱ्याचा खडा पाडाले जात होतो तवापासून," तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. "डबा भरून देता देता थे लोक एक गिलास माया हातात देत होते, ताई. पैले गंमत वाटे. आता नाई घेतली तं झोप येत नाई. हात थांबत नाईत."

पोरगं एवढं सगळं स्वतःहून सांगत होतं. हात थांबत नाहीत, म्हणत होतं. पण रूपालीच्या कानात पहिलं वाक्यच अडकलं होतं. मी पाठवलं. मीच पाठवलं. त्या जाळानं तिचं डोकं असं पेटलं की तिनं खेळत्या उत्कर्षाला ओढून त्याच्या पुढ्यात उभं केलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेव. म्हन, आजपासून शिवनार नाई."

भूषण मागे सरकला. "हे नको, ताई. दुसरं काईबी सांग."

"हिच्याहून दुसरं काय हाय तुले?"

त्यानं तळहात शर्टाला पुसला. मग त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. उत्कर्षाला तो खेळच वाटला. तिनं टाचा उंचावून आपलाही हात त्याच्या डोक्याकडे नेला. पुरला नाही, म्हणून तो वाकला.

दुपारच्या गाडीनं तो आदिलाबादला गेला. रूपालीनं लगेच आईला, प्रयागबाईला, फोन लावला, "सुटली त्याची. मी सोडवली."

प्रयागबाई रडली. "देवानंच बुद्धी दिली वं तुले."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रूपाली फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. त्याला थोडं लागू दे, आपण कशाला पुढं व्हायचं, असं तिच्या मनात होतं. ती मोठी बहीण होती.

चौथ्या दिवशी उत्कर्षाला ताप भरला. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात पलंग मिळाला, आणि मग तीन दिवस रूपालीला सलाइनच्या थेंबांपलीकडे काही दिसलं नाही. पंकजनं भूषणला फोन करून सांगितलं, "पोरगी अॅडमिट आहे, ये." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. दवाखान्यापासून त्याची खोली रिक्षानं दहा मिनिटांवर. पोरगी ग्लानीतही "मामा कुठं हाय?" विचारायची. रूपाली म्हणायची, "त्याले आपली फिकीर नाई."

घरी जायचं ठरलं त्या सकाळी ती फाटकापाशी पंकजची वाट बघत उभी होती. वॉचमननं उत्कर्षाला पाहिलं आणि हसला.

"अच्छी हो गई क्या मेडम, बोथवाली बच्ची? आपका तम्मुडू रोज आके पूछ के जाता. मैं बोला अंदर जाव, भाई है तो. जाताइच नहीं. वो झाड के नीचे खडा रहता, रोता."

तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. एवढा तेलुगू शब्द कळायला रूपालीला कोणाची गरज नव्हती. पंकज येताच तिनं लेकरू त्याच्या कडेवर दिलं आणि समोरच्या रिक्षात बसली.

खोलीत चंदन एकटाच होता. भूषणची पिशवी नव्हती. चंदन खाली बघत बोलला. "ताई, तुमच्याकडून आला अन् एक थेंब घेतला नाई त्यानं. दुसऱ्या दिवशी त्याचं अंग असं हलत होतं का गिलासातलं पानी सांडे. झोप नाई, जेवन नाई. भिंतीवर मुंग्या चढून राह्यल्या म्हने. मले तं एक दिसली नाई. मी म्हटलं, ताईले फोन लावू? म्हने, नको, तिले वाटन मी दोन दिवसबी नाई राहू शकलो. तिसऱ्या दिवशी सहन झालं नाई. एक गिलास घेतला. मंग तुमच्या मिस्टरांचा फोन आला." त्यानं भूषणच्या रिकाम्या खाटेकडं पाहिलं. "तवापासून एकच बोलते, माया हातानं पोरीले लागलं. आज सकाळी गेला. कुठं, थे नाई सांगितलं."

रूपाली परत दवाखान्यात आली आणि उत्कर्षाच्याच डॉक्टरांसमोर जाऊन बसली. डॉक्टर नांदेडकडचे, तरुण होते. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, त्याने तुमचा शब्द मोडला नाही, त्याचं शरीर मोडलं. भेसळीच्या शिंदीत झोपेच्या गोळ्यांची पावडर असू शकते. तिची सवय झालेल्या माणसाने एका दिवसात सोडली, तर अंग थरथरतं, भास होतात, कोणाला झटकेही येतात. जीवावर बेतू शकतं. औषध देऊन हळूहळू सोडवावं लागतं. त्याला शपथेच्या आधी इथे आणायचं होतं."

"आता आणलं तर?"

"आता आणा. सोमवारी सकाळी इथे व्यसनाची ओपीडी असते."

दोन दिवसांनी भर दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे कापसाच्या जिनिंगचा घरघराट होता.

"उत्कर्षा जेवली का?"

रूपालीनं फोन कानाशी घट्ट धरला. "जेवली. वरणभात जेवली. तू कुठं हाय, भाऊ?"

"हाय इकडं इंद्रवेल्लीच्या बाजूनं. काम लागलं."

"घरी ये."

"मी शपथ मोडली, ताई. तिसऱ्या दिवशी घेतली अन् चवथ्या दिवशी तिले ताप आला. तूच जोडून पाह्य."

"अरे, डास चावला तिले. डासाले काय माहीत तुया शपथेचं?"

एरवी या वाक्यावर तो खदखदून हसला असता. आता एवढंच म्हणाला, "हात तं मायाच होता."

"शपथ मायी चुकीची होती, भूषण. मी घातली, मीच काढते. तू सांगत होता हात थांबत नाईत, अन् मी ऐकलंच नाई. डॉक्टर म्हनते, दवा असते याची. तुया एकट्यानं होन्यासारखं काम नाई थे. सोमवारी ये. मी बाकावर बसून राहीन. काईबी विचारनार नाई. जेवला का, एवढंच विचारीन."

"मामा हाय का?" उत्कर्षानं फोन ओढला. "मामा, विमान!"

पलीकडे घोगरा आवाज आला, "पाहतो, ताई," आणि फोन ठेवला गेला.

हा तिसरा सोमवार. रूपाली पहिल्या बसनं येते आणि ओपीडीच्या दाराशेजारच्या बाकावर बसते. शेजारच्या बाया विचारतात, "पेशंट कोन हाय?" ती म्हणते, "येऊन राह्यला." जाळीच्या खिडकीतून फाटकाचा रस्ता दिसतो. लांब पायांचा, मान पुढं काढून चालणारा कोणीही पोरगा आला की ती अर्धी उठते. पहिल्या सोमवारी तो आला नाही. दुसऱ्या सोमवारी फाटकापर्यंत येऊन परत गेला, असं वॉचमन म्हणाला. रोज दुपारी ती त्या जिनिंगच्या नंबरावर फोन करते. कधी तो बोलतो, कधी दुसरंच कोणी सांगतं, "काम करून राह्यला." काल मात्र त्यानं आपणहून विचारलं, "त्या बाकावर बसाले जागा राह्यते का, ताई?"

म्हणून आज तिनं पिशवी शेजारी ठेवून एक जागा अडवली आहे. बसल्या बसल्या तिला दुसरी घरं आठवतात. तिनं केलं तेच किती घरांत चाललं असेल. तुमच्याही घरात असेल कोणी. भाऊ, पोरगा, भाचा, कॉलेजातला खोलीवरचा मित्र. त्यानं शपथ घेतली, तुम्ही निर्धास्त झालात, आणि तेव्हापासून त्याचा आवाज काही तुम्ही ऐकला नाही. रूपालीचं तुम्हाला एवढंच मागणं आहे: आपण मोठे, आपण कशाला पुढं व्हायचं, असं करू नका. आज त्याला फोन लावा. शपथ मोडली का, ते विचारू नका. झोप लागते का, हात थांबतात का, जेवलास का, एवढं विचारा. आणि त्यानं उचलला नाही, तर वाट बघत बसू नका. उठा, जा, त्याचं दार वाजवा.