अर्धी उलटी चावी

अख्ख्या गावाची कुलपं उघडून देणाऱ्या कुलूपवाल्याच्या स्वतःच्या कुलपाला मात्र कुणी हात लावत नसे. लावून उपयोगच नव्हता. ते कुलूप त्यानं तरुणपणी, नुसती खुमखुमी म्हणून, स्वतःच्या हातानं घडवलं होतं. चावी घालून सरळ फिरवली की ते अडकून बसायचं. आधी चावी अर्धी उलटी फिरवायची, मग अंगठ्यानं कडी जराशी वर रेटायची, मग सरळ. नवी नवरी म्हणून घरात आलेली बायको दोन महिने पायरीवर बसून त्याच्या नावानं खडे फोडत होती, की माझ्याच घरात मला शिरता येत नाही, ही कसली म्हणायची हुशारी. शेवटी तिला ते जमलं. ती गेली आणि ही युक्ती ठाऊक असलेला तो एकटाच उरला. घरात सोबतीला राहिली ठमी. बायकोनं रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री, आता म्हातारी, एका डोळ्यानं अधू, आणि भुंकण्याचा तर तिला जन्मजात कंटाळा.

मग एका बंगल्यात चोरी झाली. दार शाबूत, कुलूप शाबूत, कपाट रिकामं. पोलिसांनी डोकं चालवलं, म्हणजे होतं तेवढं चालवलं, आणि कुलपाचं काम ज्याला येतं त्याला भर दुपारी दुकानातून उचलून नेलं. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. चौकीत पट्टा काढून घेतला, पाकीट घेतलं, घराची चावी घेतली.

पुढे काय झालं ते फार रंगवून सांगण्यात अर्थ नाही. फौजदारानं त्याचा उजवा पंजा जमिनीवर ठेवायला लावला, त्यावर खुर्चीचा पाय ठेवला आणि वर स्वतः बसला. बसून घरी फोन लावला, मुलाच्या शाळेबद्दल बायकोशी बोलला, हसला. कोपऱ्यात एक हवालदार उभा होता, तो भिंतीकडे पाहत होता. कुलूपवाला आधी ओरडला, मग विनवण्या करायला लागला, आणि शेवटी शेवटी त्याच्या तोंडात एकच उरलं. कुत्री घरात कोंडलेली आहे. तिला पाणी नाही. कुणाला दार उघडणार नाही.

फौजदार मोठा चलाख माणूस. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच हवालदाराला निरोप देऊन कोठडीपाशी पाठवलं. कोर्टात विचारतील, मारलं का, काही तक्रार आहे का. नाही म्हणायचं. म्हणालास तर तुझ्या कुत्रीला पाणी मिळेल. कुलूपवाल्यानं गजांतून हवालदाराच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं, चावी आधी उलटी, मग अंगठा, मग सरळ. कुत्रीचं नावही सांगितलं, म्हणजे ती घाबरणार नाही.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा पंजा रुमालात गुंडाळून पाठीमागे धरलेला होता आणि त्याच्याही मागे फौजदार उभा होता. कुलूपवाला म्हणाला, नाही. बाईंनी क्षणभर पाहिलं, तसं लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. अहो, एवढ्याशा शब्दाला वेळ तो किती लागणार?

खरा चोर निघाला बंगल्याच्या मालकाचाच मेहुणा. पंधरा दिवसांनी तो सापडला, तेव्हा कोठडीतल्या कुलूपवाल्याला चावी परत देऊन, जा म्हणाले. तो धावतच घरी आला. दार उघडायचा धीर होईना. उघडलं, तर ठमी शेपटी हलवत समोर. वाटीत ताजं पाणी, बिस्किटांचा चुरा पडलेला, आणि बाईसाहेब चक्क अंगानं भरलेल्या. फौजदारानं नुसती थाप मारली होती. त्या दाराशी कुणी जावं अशी त्याची काही इच्छा नव्हती. पण हवालदार गेला होता. रोज संध्याकाळी, साध्या कपड्यांत, गुपचूप. कुलूपवाला जमिनीवर बसला आणि मोडक्या हातानं कुत्रीला कुरवाळत ढसाढसा रडला.

दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. चाव्या घासायची कानस धरता येईना. सरकारी दवाखान्याच्या कागदावर आलं, दुकानाचं शटर पडून इजा. ते वाचल्यावर मात्र त्याचं डोकं फिरलं. त्यानं तक्रार केली, आणि तेव्हापासून माणसं त्याला टाळायला लागली. गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाऊ लागलं. इस्त्रीवाल्यानं कानांवर हात ठेवले, बाबा रे, मला लेकरंबाळं आहेत, मी काही पाहिलेलं नाही. लांब राहणारी लेक फोनवर म्हणायची, बाबा, सोडून द्या ना आता. आणि चौकशीसाठी जावं तिथं कोर्टाचा तोच एक कागद पुढं यायचा. तुम्ही तर कोर्टात नाही म्हणाला होतात. त्याची बाजू मांडणाऱ्या वकीलबाई डोकं आपटायच्या. का म्हणालात नाही? भीतीनं, तो सांगायचा. भीतीनं तर सगळेच म्हणतात, आणि ते कुणी मानत नाही, बाई म्हणायच्या.

हवालदाराचं नाव त्यानं काढलं नाही. कसं काढणार? रोज संध्याकाळी त्या ठराविक वेळेला ठमी उठून दारापाशी जाऊन बसायची. एक डोळा फटीला लावून वाट पाहायची, आणि ती काही कुलूपवाल्याची वाट पाहत नव्हती, कारण तो तर घरातच असायचा. त्याला राग यायचा, हसूही यायचं. रस्त्यात कधी गाठ पडली तर हवालदार मान खाली घालून पलीकडून निघून जायचा.

मग ठमी गेली. म्हातारपणानंच गेली, झोपेत. कुलूपवाल्यानं घरामागं खड्डा खणला, डाव्या हातानं, फार वेळ लागला. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, कुत्री होती हो, इतकं काय मनाला लावून घेता. त्यानं बरं म्हणून फोन ठेवला. हे दुःख ज्याला सांगावं असा एकच माणूस त्याला आठवत होता, आणि त्याच्याकडे जायची सोय नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यानं वकीलबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या भडकल्याच.

"इतके दिवस हे पोटात घेऊन बसलात?"

"ती त्याच्या हातचं खात होती, बाई," तो म्हणाला. "ती असेपर्यंत कसं सांगू?"

चौकशीची खोली लहान होती. एक टेबल, किरकिरणारा पंखा, चौकशीला नेमलेले निवृत्त न्यायाधीश आणि त्यांचा कारकून. फौजदार पहिल्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. हवालदाराला उभं केलं. त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं, कोठडीत मारहाण झाली नाही, यांच्याशी माझं बोलणं झालं नाही, यांच्या घरी मी कधी गेलो नाही. वकीलबाईंनी पिशवीतून कुलूप काढलं, बंद केलं आणि चावीसकट टेबलावर ठेवलं. हे यांच्या घराचं कुलूप, त्या म्हणाल्या, कुणीही उघडून दाखवावं. कारकुनानं पाहिलं करून, जमलं नाही. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा वर सरकवून खटपट केली, कपाळाला घाम आला, नाद सोडला. फौजदार म्हणाला, नाटकं आहेत ही. मग बाई म्हणाल्या, आता हवालदारांनी उघडावं.

तेव्हा कुठं कुलूपवाल्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. हवालदारानं चावी सरळ फिरवायची, बस्स. कुलूप अडकणार, तो सुटणार, नोकरी राहणार, आणि आपलं ते कोर्टातलं नाही जन्मभर कागदावर राहणार. दीड वर्षाची सगळी वणवण त्या माणसाच्या बोटांत गेली होती. आणि खोटं कशाला बोला, कुलूपवाल्याच्या मनात असंही आलं, की फिरव बाबा सरळ. तुझ्या घरी बायकामुलं असतील. माझ्या घरी कुणी नाही.

फौजदार खाकरला. हवालदारानं कुलूप हातात घेतलं. बराच वेळ तो नुसता त्याच्याकडे पाहत राहिला. मग चावी घातली, अर्धी उलटी फिरवली, अंगठ्यानं कडी रेटली. कुलूप उघडलं.

हवालदारानं उघडं कुलूप टेबलावर ठेवलं, आणि साहेबांकडे नाही, फौजदाराकडे नाही, थेट कुलूपवाल्याकडे पाहिलं.

"ठमी कशी आहे?"

साहेबांनी विचारलं, ठमी कोण. त्यांना उत्तर द्यायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"गेली," कुलूपवाला म्हणाला. "संध्याकाळी दारापाशी बसायची. तुमच्या वेळेला."

हवालदारानं टोपी काढली आणि तोंडावरून हात फिरवला. फौजदार उठून काहीतरी बोलायला लागला, तर साहेबांनी त्याला हातानंच खाली बसवलं. मग कारकुनाला म्हणाले, लिहा. आणि दीड वर्षापूर्वी कोर्टात विचारला होता तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, पोलिसांनी मारहाण केली का, तुमची काही तक्रार आहे का.

"आहे," कुलूपवाला म्हणाला.

कुणी पाहिलं, साहेबांनी विचारलं. कुलूपवाल्यानं मान खाली घातली. हे नाव त्याला अजूनही घ्यायचं नव्हतं. ते त्याला घ्यावंही लागलं नाही.

"मी होतो तिथं," हवालदार म्हणाला. "खुर्ची मीच आणून दिली होती."

ही गोष्ट कुलूपवाल्याला ठाऊक नव्हती. त्या वेळी त्याचा चेहरा जमिनीला टेकलेला होता.

फौजदाराला त्याच आठवड्यात घरी बसवलं आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. हवालदारालाही घरी बसवलं. वकीलबाई खूष होत्या, लेकीचा फोन आला, इस्त्रीवाल्यानंही रस्त्यात थांबवून, मला वाटलंच होतं, असं सांगितलं. कुलूप पुरावा म्हणून जमा झालं. कुलूपवाल्यानं घराला दुकानातलं साधं कुलूप आणून लावलं, कुणालाही उघडेल असं. संध्याकाळी मात्र त्यानं तेही काढून ठेवलं, दार उघडं टाकलं आणि ठमी बसायची त्या जागी जमिनीवर जाऊन बसला. त्या माणसाला कुत्रीसाठी हात जोडायचे होते आणि खुर्चीसाठी जाब विचारायचा होता, आणि आधी काय करावं ते काही केल्या ठरेना. रस्त्यावर दिवे लागले तरी तो तिथंच बसून होता, कुणी आलं नाही.