नवसाचं धावणं

गोजरबाईने डोक्यावरची भाजीची पाटी रस्त्याकडेला ठेवली आणि सरळ कुंदाच्या पाया पडली.

"अहो, हे काय? उठा आधी!"

"ऱ्हाऊं दे गो बाय. शंकराला बोललेला नवस धावून फेडतंस, ही काय थट्टा हाय? या साली पोर होतंय बघ तुला."

मागून सायकलवर येणाऱ्या कुंदाच्या नवऱ्याने, शशिकांतने, हसू दाबलं. अंबरनाथ ते बदलापूर रस्त्यावर शहाऐंशी साली एक लग्न झालेली बाई पहाटे पळते, याचं कारण कुणालाच सापडत नव्हतं. गोजरबाईने ते शोधलं. कुंदा शंकराच्या देवळापासून निघते आणि अजून मूल नाही, म्हणजे नवसच. कुंदाने तिचा समज खोडला नाही. तेव्हापासून शेतावरच्या बाया वाट देत आणि टवाळ पोरं गप्प बसत. गोजरबाईने दारात मेथी देताना हे माईंच्याही कानावर घातलं. सुनेने हे थेर बंद करावेत म्हणणाऱ्या माई दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून लिंबू-सरबत करून देऊ लागल्या.

असे काही महिने गेले. आता येत्या रविवारी पुण्याला मॅरेथॉन होती. गावातून त्यात उतरणारी कुंदा पहिलीच बाई. आणि तिची पाळी चुकली होती.

ती उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. त्या दुपारी तिने स्वतःचाच नमुना लावला. परीक्षानळी दोन तास हलवायची नसते. तळाशी तपकिरी कडी बसली तर गर्भ आहे, नुसता गढूळ थर पसरला तर नाही. जिन्यावर कुणाची जड पावलं वाजली की ती स्टँडकडे बघे. धक्का लागू नये असं वाटे, आणि लागला तर बरं, असंही.

कडी बसली. अगदी गोल, स्वच्छ.

"किसका है?" डॉक्टर मोटवानींनी मागून विचारलं.

"शेजारणीचं, सर."

"शादीशुदा है ना? तो मुँह क्यों लटकाया है? मिठाई मंगवाओ उससे!"

संध्याकाळी गच्चीवर तिने शशिकांतला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याला रविवार आठवला.

"पळालीस तर काही होईल?"

"माहीत नाही. लायब्ररीत दोन पुस्तकं पाहिली. दोन्हींत पुरुषांचेच आकडे आहेत."

"डॉक्टरांना विचारू या ना."

"ते नाहीच म्हणणार. माहीत नसलं की नाही म्हणतात."

"मग तू काय म्हणतेस?"

तिला मूल हवं होतं. रविवारही हवा होता. यातलं कुठलं आधी बोलावं ते तिला कळेना.

"आईला एवढ्यात सांगू नकोस," तो म्हणाला. "रविवार होऊ दे."

पण सांगायची गरजच नव्हती. या महिन्यात सून बाजूला बसली नाही, हे माईंनी कधीच हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदा बूट बांधून बाहेर आली, तेव्हा माई नवी साडी नेसून फाटकात उभ्या होत्या. शेजारी गोजरबाई.

"झालं हो तुझं धावणं," माई म्हणाल्या. "पावला देव. आता एक पाऊल पळायचं नाही. पावलेल्या देवाला पुन्हा साकडं घालू नये."

"माई, तो नवस..."

नवस नव्हता म्हटलं तर इतके महिने काय होतं, हे सांगावं लागलं असतं. त्यासाठी तिच्याकडे एकच शब्द होता, आवड. माईंच्या भरून आलेल्या डोळ्यांसमोर तो फार लहान वाटला. तिने शशिकांतकडे पाहिलं. तो सायकलच्या घंटीवरची धूळ पुसत होता.

"ओटीला पदर पुढं कर गो," गोजरबाई म्हणाली.

पदर नव्हता. कुंदाने टी-शर्टची कड दोन्ही हातांनी पुढे धरली. माईंनी ओंजळीने तांदूळ घातले, वर खण, नारळ. पातळ कापड भाराने खाली ओढलं गेलं. तांदूळ सांडू नयेत म्हणून ती वाकून, लहान लहान पावलं टाकत घराच्या पायऱ्या चढू लागली.